चौदा जानेवारीचा वार

अन्वरनं धुळ्यात पस्तीस वर्षं यंत्रमाग चालवले. माग भंगारात गेले आणि त्याची झोप बिघडली. खटखटीत वाढलेला माणूस शांततेनं दचकतो. दुपारी जरा डोळा लागायचा, आणि लागला की एकच देखावा समोर यायचा. घराचं मातीचं सपाट छत, धाबं. वर पतंगच पतंग. गल्लीतले सगळे माग बंद. अब्बा पाठमोरे उभे, मांज्याला ढील देत. ते वळत नाहीत. सदऱ्याची पाठ वाऱ्यानं फुगते आणि बसते.

वडिलांची त्याच्याकडे एवढीच शिल्लक होती. फोटो कुणी काढला नव्हता.

"स्वप्न आहे ते," त्याची मोठी बहीण खातून म्हणायची. नवरा गेल्यापासून ती त्याच्याकडेच राहत होती. "अब्बांनी मागावरून मान वर केली नाही कधी. धाब्यावर कुठून येतील? शेजारचा कुणी पाहिला असशील."

अन्वर वाद घालत नसे. पण मनात हिशेब मांडून ठेवलेला होता. पतंग होते म्हणजे संक्रांत, चौदा जानेवारी. वर्ष सत्त्याहत्तर, कारण त्या पावसाळ्यात अब्बा गेले आणि आदल्या संक्रांतीला तो फारच लहान होता. गल्लीतले माग फक्त शुक्रवारी बंद असायचे. तेव्हा त्या दिवशी शुक्रवार असेल तर अब्बा वर येऊ शकत होते. दुसरा कोणताही वार असेल तर ते मागावर, आणि धाब्यावरचा माणूस परका.

त्याची मुलगी नाजमीन भुसावळच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवते. लग्न होऊन गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप इथंच राहिला. दर रविवारी ती फोनवरून बापाला धडा द्यायची. अन्वरला ते काम आवडलं. एक धागा तुटला की यंत्र थांबतं आणि माणसानं जागा शोधायची, हे त्याच्या ओळखीचं होतं. तारीख दिली की वार सांगणारा प्रोग्रॅम लिहायचं त्यानं ठरवलं. सूत्र नाजमीननं पाठवलं.

"अब्बा, एवढी मेहनत कशाला? फोनमधलं कॅलेंडर मागं सरकवा. दोन मिनिटांचं काम."

"दोन मिनिटांत हाती आलेलं मी कसं मानू? आणि तूही पाहायचं नाहीस. कसम आहे."

"बरं बाबा, नाही पाहत."

प्रोग्रॅम उभा राहिला. आता तपासणी. अन्वरनं गल्लीभर फिरून आपल्या बरोबरीच्या लोकांच्या जन्मतारखा विचारल्या. एकेक घातली, वार निघाला, नाजमीननं तो कॅलेंडरशी ताडून पाहिला. सगळे बरोबर. मग त्यानं हात धुतले, दार लोटून घेतलं आणि चौदा जानेवारी सत्त्याहत्तर घातली.

बुधवार.

"म्हटलं नव्हतं?" खातून तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

त्या आठवड्यात त्यानं नाजमीनला फोन केला नाही. दुपारी डोळा लागे, पण धाबं धूसर झालं होतं. धुवून धुवून विटलेल्या कापडासारखं. पतंग होते, पाठ होती. पण सदरा अब्बांचा आहे की नाही हे आता सांगता येईना.

शेजारचा मोतीलाल आला तो आरडाओरडा करतच. त्याची नात भूमिका गेल्या वर्षी नऊ फेब्रुवारीला झाली होती आणि काल त्यानं हौसेनं विचारल्यावर प्रोग्रॅमनं गुरुवार सांगितला होता.

"अन्वरभाऊ, तुनं मशीन येडं शे! त्या दिवशी रविवार व्हता. रिक्षा मिळेना म्हणून मी सुनेला टेम्पोत नेलं, विचार तिला."

अन्वर उठला. भिंतीवरच्या कॅलेंडरातली जानेवारी ताडून पाहिली. चूक. फेब्रुवारी चूक. मार्च बरोबर. एप्रिल बरोबर. त्यानं जन्मतारखा आठवल्या आणि कपाळाला हात लावला. आपली पिढी सारी मास्तरांनी शाळेत नाव घालताना जन्माला घातलेली. त्याची स्वतःची एक जून. मोतीलालची एक जून. गल्लीतल्या एकूणएक म्हाताऱ्यांची एक जून. ताक्याचं एकच टोक पाहून त्यानं सगळा ताका पास केला होता.

त्यानं सूत्र पुन्हा वाचलं, एकेक शब्द बोट ठेवून. तिथं लिहिलं होतं की जानेवारीला तेरावा आणि फेब्रुवारीला चौदावा महिना धरायचा. वर्ष मार्चपासून सुरू. ही ओळ त्यानं पहिल्यांदा वाचली होती आणि सोडून दिली होती. महिने बारा असतात, ही छापायची चूक असणार, असं त्याला वाटलं होतं.

ओळ घातली. भूमिकेचा सोमवार आला. हवा होता रविवार. त्याच्या संक्रांतीचा आला शनिवार.

खातून मागे येऊन उभी होती. "एकाचाच फरक आहे की. कर वजा एक. शुक्रवार होतो."

"होतो."

"मग कर ना. तुला तोच हवाय."

"म्हणूनच नाही करत."

तरी एकदा त्यानं ते वजा एक दुसऱ्या वर्षांच्या जानेवारींवर घालून पाहिलं. ज्या वर्षी फेब्रुवारी एकोणतीस दिवसांचा, त्या वर्षी प्रोग्रॅम दोन दिवस पुढे पळत होता. ठिगळ टिकणार नव्हतं. दोष आणखी आत होता. दुपार उतरली, अंगणातलं ऊन भिंतीवर चढलं, आणि पडद्यावरच्या ओळी त्याला मागावरच्या ताण्यासारख्या दिसू लागल्या. सात रंगांचे धागे, सोमवार ते रविवार, त्याच्या जन्माआधीपासून न तुटता चालत आलेले. जानेवारी नव्या वर्षाची नव्हतीच. मार्चपासून मोजायचं तर ती जुन्या कापडाची शेवटची वीतभर दशी. मग वर्षही जुनंच धरायला हवं. सत्त्याहत्तर नाही, शहात्तर. महिना मागे नेला आणि वर्ष तिथंच ठेवलं, ही चूक.

त्यानं वर्षातून एक वजा केला, फक्त त्या दोन महिन्यांसाठी. आधी भूमिका: रविवार. भिंतीवरची जानेवारी: बरोबर. एकोणतीस दिवसांची वर्षं: बरोबर. सगळं झाल्यावरच त्यानं आपली तारीख घातली.

शुक्रवार.

त्यानं लॅपटॉप खातूनकडे वळवला. मग म्हणाला, "आपा, माग बंद होते."

खातून खाली बसली. "माग बंद होते. त्यावरून ते अब्बाच होते, असं कुठं ठरतं?"

"नाही ठरत. येऊ शकत होते, एवढंच."

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मी तेव्हा खाली शनिवारच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरत होते," ती म्हणाली. "शुक्रवारीसुद्धा. पोरींना सुट्टी कुठली? वर हसण्याचे आवाज यायचे. कोण आहे ते पाहायला मला कुणी बोलावलं नाही. म्हणून म्हणत आले, स्वप्न आहे."

अन्वर तिच्याकडे पाहत राहिला. साठी ओलांडलेली बाई, आणि चेहरा अकरा वर्षांच्या पोरीचा.

"सांग आता," ती म्हणाली. "वरून काय दिसायचं?"

"धाबी. सगळी एका उंचीची. एकावर मिरच्या वाळत होत्या."

"अजून?"

"अब्बांच्या बोटाला मांज्यानं कापलं होतं. ते बोट तोंडात घालत, पुन्हा दोर धरत."

"आणि नदी? पांझरा? पलीकडचं देवपूर?"

अन्वरनं डोळे मिटून पाहिलं. नीट, कोपऱ्याकोपऱ्यात.

"नाही. नदी दिसत नव्हती."

"खोटं तरी बोल रे," खातून म्हणाली, आणि ऐकायला जवळ सरकली.