पडीक राहिलेलं साल

उंबरमाळीच्या वरच्या पाड्यावरचा मंगळू कागदावरच्या हिरव्या डागाकडे बघत राहिला. वनहक्काचे दावे तपासणाऱ्या साहेबांनी बोट ठेवून दाखवलं, तेव्हा कुठे त्याला कळलं की हा आपला माळ. तिथं त्याचा बाप नाचणी करायचा, पुढं तो करत आला. पण वनहक्काच्या दाव्याला दोन हजार पाच सालचा पुरावा लागत होता, आणि उपग्रहाने त्या साली काढलेल्या फोटोत शेत नव्हतं, झुडपं होती.

त्या पावसाळ्यात त्याची बायको भिमी शहापूरला दवाखान्यात पडून होती. मंगळू चार महिने तिच्या उशाशी बसून राहिला. माळ पडीक राहिला तो तेवढा एकदाच. दसऱ्याच्या आधी भिमी गेली. हे सगळं त्याने साहेबांना सांगितलं. शेजारी त्याची लेक रविना मान खाली घालून ऐकत होती. आई गेली तेव्हा ती तीन वर्षांची होती.

साहेब माणूस वाईट नव्हता. समजूत घालत म्हणाला, आता आपल्याच देशाचे पुष्कळ उपग्रह वर जाणार, ढगांतूनही बघणार. चार-आठ दिवसांनी बांधाबांधाचा फोटो मिळेल.

"मंग त्यांना मागचं दिसंल का?" मंगळूने विचारलं.

"मागचं कसं दिसेल, बाबा? ते आत्ताचं दाखवतील."

दावा फेटाळला गेला. तरी चैत्रात मंगळूने माळावर पालापाचोळा पसरून नाचणीच्या रोपांसाठी राब भाजला. धूर विरायच्या आत वनरक्षक कुंडलिक धापा टाकत वर आला. तो खालच्या पाड्यावरचाच. त्याच्या मोबाइलवर उपग्रहाकडून आगीची सूचना आली होती.

"काका, मी नाय लिहिलं तरी वरून दिसतंय," तो म्हणाला. "या टायमाला वणवा विझवला असं लिहितो. पुन्यांदा नका करू."

दोघांनी ओल्या डहाळ्यांनी राब झोडपून विझवला. कुंडलिक उतरून गेला, तरी मंगळू ऊन डोक्यावर येईतो तिथंच बसून होता.

वैशाखात रविनाला वाशिंदच्या कारखान्यात काम लागलं. बापाला एकट्याला मागं ठेवायला ती तयार नव्हती, म्हणून तोही तिच्यासोबत जाणार होता. निघायच्या आदल्या दिवशी तिने पेरणीसाठी राखलेली बियाण्याची नाचणी जात्यावर दळून काढली. मंगळूने तिला अडवलं नाही. त्या पिठाची तिने वाढलेली भाकरी त्याने अर्धीच खाल्ली आणि हात धुतले.