बुडाची पानं

सातपूरच्या घरी, गॅलरीतल्या कुंडीत टोमॅटोची बुडाची पिवळी पानं काढली आणि बोटांना तोच कडवट वास आला.

दहावी पास झाले त्या पावसाळ्यात आईसोबत वावरात मी अशीच पानं खुडत होते. हात काळे-हिरवे झाले होते. मी कॉलेजचा विषय काढला, तेव्हा बांधावरून वडील म्हणाले, "खालची पानं काढल्याबिगर वरचा माल फुगत नाय. धाकट्याला शिकू दे." आई मान खाली घालून खुडत राहिली. मला ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं.

इंजिनियर झालेला तोच धाकटा परवा माझ्या मुलीला म्हणाला, "तुझ्या आईला अभ्यासाची आवडच नव्हती."

मघापासून हात धुतेय. साबणाचा फेस अजून हिरवाच येतोय.