शेखरचा पुतळा

सिंधूताईंच्या पायाला भिंगरी आहे, संग्रामपुरात कुणालाही विचारा. पस्तीस वर्षं नर्स म्हणून खेडोपाडी फिरल्या, अर्ध्या तालुक्याला सुया टोचल्या, रिटायर झाल्या तरी बाई घरात ठरत नाही. पण या आठवड्यातली तगमग काही औरच होती. चहा ठेवला की उतू जायचा, अंथरुणावर पाठ टेकली की उठून बसायच्या. शेवटी शनिवारी त्यांनी मलकापूरची एसटी धरली.

कारण चौकात पुतळा बसणार होता. त्यांचा थोरला भाऊ चंद्रशेखर एकाहत्तरच्या लढाईत बॉम्बर विमान चालवायचा. चोवीस वर्षांचं पोर! विमान पडलं, तो गेला आणि शेजारी बसून नकाशावरून वाट दाखवणारा त्याचा जोडीदारही गेला. दोघांचा वर्दीतला एकच फोटो घरी होता. वडील जानराव तो मोठा करायला घेऊन गेले, अन् स्टुडिओतल्या त्या दीडशहाण्यानं दोघांतला देखणा निवडून मोठा करून दिला. तो होता जोडीदार. मूळ फोटो म्हणे हरवला. शेखरचे शाळेतले चार-दोन फोटो पेटीतच वाळवीनं खाल्ले.

जानरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी फोटोला हार घातला, काचेवरून हात फिरवला आणि ढसाढसा रडले. सतरा वर्षांच्या सिंधूच्या तोंडून शब्द फुटला नाही. कसा फुटावा? ज्यांनी ओळखलं त्यांनीही म्हाताऱ्याकडे पाहून तोंड मिटलं. पुढे फोटो शाळेत लागला. दर डिसेंबरात गाव हार घालतं, पहिला मान सिंधूताईंचा. तोही कुणाचा तरी भाऊच, असं म्हणून त्या मन मारत आल्या. पण फोटो एक वेळ उतरवता येतो, चौकातला पुतळा कोण उतरवणार? आणि शेखरला पाहिलेलं माणूस आता त्या एकट्याच उरल्या होत्या.

त्याच फोटोवरून पुतळा घडवत होती धम्मशीला, मलकापुरात बुद्धमूर्ती करणारी. मातीचा चेहरा तयार होता, सोमवारी धातूत ओतायला जाणार होता. सिंधूताईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"थो शेखर नाही, पोरी. थो त्याचा जोडीदार हाय."

धम्मशीलेनं ओल्या फडक्यानं मातीचा चेहरा झाकला. "इतके वर्सं काऊन नाही बोलल्या, आजी?"

"बाबा रडले ना, माय."

धम्मशीला म्हणाली, "वायुदलाले फोटो मागू, पण थो कधी येईन काय माईत. तुम्ही सांगत जा, मी करतो."

तिनं नवा गोळा घेतला. सिंधूताई झाकलेल्या पुतळ्याकडे पाठ करून बसल्या आणि धडाधड सांगू लागल्या. कपाळ रुंद. भुवया जुळत आलेल्या. नाक सरळ, नाही, अजून जरा वर. खालचा ओठ जाड. दोन तास कसे गेले कळलं नाही. आठवडाभर जिच्या जिवाला चैन नव्हतं, ती बाई एका जागी बसून होती, आणि शेवटी ओल्या मातीच्या गालावर बोट ठेवून म्हणाली, "हाव. हाच. हाच माहा शेखर."

धम्मशीला उठली आणि तिनं मागच्या पुतळ्यावरचं फडकं काढलं.

सिंधूताई वळल्या. या चेहऱ्याकडे पाहिलं, त्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळ तेच, भुवया त्याच, ओठही तोच. डोळे गच्च मिटून त्यांनी पुन्हा एकदा आठवून पाहिलं.

"मंग माहा भाऊ कसा दिसे व, माय?" त्यांनी विचारलं.