पाळीवर वाचलेला करार

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबा मासेमारांच्या संस्थेचे कार्यकर्ते. गावच्या तलावाचा ठेका बाहेरच्या कंत्राटदाराकडे जाऊ नये म्हणून त्यांनी आयुष्यभर पत्रकं काढली. मुलचेरा या तालुक्याच्या गावच्या झेरॉक्सच्या दुकानातून गठ्ठा यायचा आणि शाळेत जाण्याआधी मी कागदांच्या घड्या घालायचे. पत्रकावर लिहिणाऱ्याचं नाव नसायचं. एक नियम मात्र कडक होता. छापण्याआधी मजकूर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मोठ्याने वाचायचा, आणि ज्यांच्याविषयी लिहिलंय त्यांच्यापैकी कुणी ‘हे काढ’ म्हटलं की ती ओळ काढायची. बाबा वाद घालत नसत.

पुढे मी पुस्तक लिहिलं. जाळी विणणाऱ्या, मासळीचं टोपलं डोक्यावर घेऊन गावोगाव फिरणाऱ्या आमच्याकडच्या बायांचं.

‘तुम्हीच लेखक, तुम्हीच प्रकाशक’ अशी एका कंपनीची जाहिरात मोबाईलवर दिसली. फाईल पाठवली. दुसऱ्याच दिवशी फोन.

“मॅडम, तुमच्या कवितांनी आमची सगळी टीम भारावून गेली.”

“पुस्तकात कविता नाहीत.”

“तेच म्हणतो मॅडम, गद्यच इतकं काव्यमय आहे. मग सिल्व्हर पॅकेज करायचं की गोल्ड?”

मी फोन ठेवला. त्या आठवड्यात आणखी चार वेगवेगळे आवाज येऊन भारावून गेले.

हीच फाईल पुण्याच्या एका जुन्या, नावाजलेल्या प्रकाशनाकडेही पाठवली होती. तिथून दीड वर्ष काहीच नाही. स्मरणपत्रांनाही उत्तर नाही. मग एके दिवशी जाड पाकीट आलं. आत करार, आणि सही कुठे करायची ते कळावं म्हणून पानापानावर पिवळ्या चिठ्ठ्या. सोबतच्या पत्रात होतं, पहिल्या पुस्तकाला अशी संधी क्वचित मिळते. पुस्तकाबद्दल एक ओळही नव्हती. ज्यांनी वाचलं नाही ते एवढे आतुर, आणि ज्यांनी वाचलं असावं ते गप्प. मला दोघांचाही संशय आला.

अकरावं कलम समजेना म्हणून मी पुण्याला फोन केला. पलीकडचे गृहस्थ अतिशय सभ्य होते.

“ताई, हा आमचा नेहमीचा मसुदा. मोठमोठ्या लेखकांनी सह्या केल्यात. आजवर कुणी विचारलं नाही.”

या शेवटच्या वाक्याने मी जास्त सावध झाले. ठेक्याच्या कागदावर बाबांचं बोट थांबलं की ऑफिसातला बाबूही असाच म्हणायचा, “छापील हाये भाऊ, सही करा.”

संध्याकाळी करार घेऊन पाळीवर गेले. मोठी माय, म्हणजे बाबांची वहिनी, चार-पाच बायांसोबत जाळं दुरुस्त करत होती. मी अकरावं कलम वाचलं: सर्व भाषांतील व सर्व माध्यमांतील हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील.

“किती सालाचा ठेका?” मोठ्या मायनं दातात धरलेला दोरा सोडून विचारलं.

“सालं नाई लिहिली. कायमचा.”

“अन् त्यानं जाळं टाकलंच नाई तं? तलाव तसाच ठेवला तं?”

मी पानं उलटली. किती दिवसांत छापणार, नाही छापलं तर पुस्तक परत मिळणार का, कुठेच नव्हतं.

“मंग आपल्याले पाण्यात उतरता येते का?”

“नाई.”

“असा ठेका तं सभापतीच्या साल्याले बी भेटत नाई,” कुणीतरी म्हणालं आणि बाया हसल्या. मीही हसले. मोठी माय हसली नाही.

“पुस्तकात काय लिवलं वो तू?”

“तुमचंच आहे सगळं.”

“आमचं? मंग थे काऊन नाई वाचलं इथी? नुसता त्याह्यचाच कागद वाचून राह्यली.”

एका पानाचं पत्रक न वाचता छापायची माझी हिंमत झाली नसती. दोनशे पानं मात्र मी अनोळखी माणसांना परस्पर पाठवून दिली होती. पत्रक सगळ्यांचं आणि साहित्य एकटीचं, असं मी कधी ठरवलं कोण जाणे. आणि सही केली असती, तर त्यातली एक ओळही काढायचा अधिकार उरला नसता. ना मला, ना त्यांना.

दुसऱ्या दिवसापासून पुस्तक पाळीवर वाचायला घेतलं. तिसऱ्या प्रकरणात तलाव कंत्राटदाराकडे असतानाचं एक वर्ष आहे. तेव्हा एक बाई पहाटे चोरून पाण्यात उतरून लेकरांसाठी मासे काढते. मोठ्या मायनं हे मला एकदा चुलीपुढे सांगितलं होतं. माझ्या मते पुस्तकातलं सगळ्यात चांगलं पान तेच.

ते पान वाचताना जाळ्यावरचा मोठ्या मायचा हात थांबला. “हे काढ.”

“तुमचं नाव नाई लिहिलं, मोठी माय.”

“गावाले नाव लागते का?”

बाबांनी वाद घातला नसता. मी घातला, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पानावर काट मारली.

पुण्याला कळवलं: हक्क पाच वर्षांपुरते, छपाई एका वर्षात, आणि पाळीवरचं वाचन संपेपर्यंत मजकुरात बदल करायचा हक्क माझा. उत्तर लगेच आलं, तेवढ्यासाठी दीड वर्ष लागलं नाही. “मसुद्यात बदल करण्याची आमची पद्धत नाही.”

मी सही केलेली नाही. वाचन पाचव्या प्रकरणावर आलंय. करारावरच्या पिवळ्या चिठ्ठ्या मी सोडवून घेतल्या आहेत. बाया ‘काढ’ म्हणतात त्या पानांवर त्या चिकटवते. आता तीनच उरल्या आहेत.