अर्धं भाडं आणि हंड्यांची रांग

टेम्पोत सामान चढलं, ताडपत्री बांधून झाली, ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून वैतागला, तरी शकूमावशी काही नळापासून हलेना. तिचा हंडा रांगेत होता. नळ तर आदल्या दिवशीच तोडलेला. नुसता पाइप जमिनीतनं वर आलेला, त्याच्या तोंडात कुणीतरी चिंधी कोंबलेली. तरी बाईनं सकाळी उठून सवयीनं हंडा लावला होता. मी म्हटलं, "अगं मावशी, पाणी यायचं नाही आता, चल." तर माझ्यावरच डाफरली, "माझा नंबर हाय. तुझं काय जातंय?"

मागं जेसीबी घरघरत उभा होता. आम्ही बायका हसत पण होतो आणि रडत पण होतो. शेवटी रुखसानाभाभीनं स्वतःचा रिकामा हंडा आणून मावशीच्या मागं लावला, घटकाभर तिच्याशेजारी उभी राहिली, मग म्हणाली, "चलो मौसी, आज नागा है." तेव्हा कुठं मावशी हलली. नळाला एखादा दिवस नागा, खाडा असतो हे तिला पटलं. नळच नाही हे काही पटलं नाही.

ती सकाळ ज्यांना आठवते त्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. जे आडगावला गेलात, जे देवळालीकडं गेलात, जे भाडं परवडेना म्हणून कळवणला नाहीतर आणखी कुठं गावी परत गेलात, त्यांच्यासाठी. मी रंजना. नाशिकला नासर्डी नदीच्या काठी आपली वस्ती होती तेव्हा नळासमोरचं घर आमचं. ज्यांची माझ्याशी भांडणं झाली असतील त्यांनीही वाचा. भांडण आपल्या जागी आणि हे आपल्या जागी.

वस्तीबाहेरच्या कुणाच्या हाती हे पडलं तर त्याला एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडं हंडा म्हणजे माणूस. हंडा रांगेत लावून बाई पोराला शाळेत सोडायला जायची, एखाद्या घरची धुणीभांडी उरकून यायची, आणि परत येईपर्यंत तिची जागा तिचीच. आम्ही कशावरनंही भांडायचो. सांडपाण्यावरनं, पोरांवरनं, टीव्हीच्या आवाजावरनं. पण दुसरीचा हंडा रांगेतनं हटवायची कुणाची छाती नव्हती. पाणी आलं आणि ती आली नसेल तर मागची बाई तिचा हंडा भरून ठेवायची, शिव्या देत का होईना.

मी मूळची मनमाडची. वडील रेल्वेच्या यार्डात. लग्न करून नाशिकला आले तेव्हा आई स्टेशनवर म्हणाली होती, "कुठंही राहा, पण दबून राहू नको." मला वाटलं सासूबद्दल बोलतेय. सासू बिचारी गरीब गाय निघाली. आईचं बोलणं कामाला आलं ते पुढं, खोली शोधताना आणि ऑफिसच्या पायऱ्या झिजवताना.

आपल्याला सांगितलं काय होतं? वस्तीच्या जागी इमारत होणार, प्रत्येकाला त्यात पक्की खोली मिळणार, आणि ती होईपर्यंत बाहेर राहायला योजनेतनं दर महिन्याला भाडं मिळणार. योजनेचे साहेब माईकवर बोलले होते, आपण टाळ्या वाजवल्या होत्या. मी पण वाजवल्या. पक्क्या भिंतीची हौस कुणाला नसते?

मग खोल्या शोधायची वरात सुरू झाली. सिडकोत फिरले, सातपूरला फिरले. सगळीकडं आधी खोली दाखवायचे, नळ दाखवायचे, मग विचारायचे, "आडनाव काय?" मघाशी रिकामी असलेली खोली आडनाव ऐकलं की भरायची. एकानं तर तोंडावर सांगितलं, "आमच्या घरात देवाधर्माचं असतं." मी म्हटलं, "माझ्याही घरात बुद्धाचा फोटो असतो, तो काय भाडं बुडवतो का?" माझे मिस्टर दंडाला धरून बाहेर घेऊन आले. रुखसानाभाभीला तर आडनावापर्यंतही जाऊ देत नव्हते, नावालाच दार बंद. डोक्यात तिडीक जायची. घर आमचं पाडलेलं आणि चोरासारखी चौकशी पण आमचीच.

शेवटी अंबडला एका बंगल्याच्या गच्चीवर पत्र्याची खोली मिळाली. डिपॉझिट, अॅग्रीमेंट, पोलीस व्हेरिफिकेशन, हे सगळे शब्द मी तेव्हा शिकले. वस्तीत कुणाकडं पाहुणा आला तर सगळी गल्ली त्याला चहा विचारायची. इथं पाहुणा आला की घरमालक जिन्यात येऊन विचारतात, "किती दिवस आहेत?" वस्तीत पाण्यासाठी भांडता यायचं. इथं मोटरचं बटण मालकांच्या हॉलमध्ये, म्हणून पाण्यासाठी गप्प बसावं लागतं. मला गप्प बसणं सगळ्यात जड गेलं. एका खानावळीत पोळ्या लाटायचं काम धरलं, तिथं तरी बायकांशी तोंडभर बोलता यायचं.

शकूमावशीला जवळच खोली मिळाली होती, एका दुकानाच्या मागं. तिला ना मूल ना बाळ. नवरा गेल्यापासनं ती नळाकडं लक्ष ठेवायची आणि आम्ही तिच्याकडं. संध्याकाळी यायची, पायरीवर बसायची, म्हणायची, "कधी व्हायची गं इमारत?" मी म्हणायची, "होतेय, होतेय." इमारत काही होत नव्हती. नुसते खांब उभे राहिले होते आणि त्यांच्या डोक्यावर सळया.

मग एका महिन्यात भाडं अर्धंच आलं. मला वाटलं बँकेची चूक. आम्ही बायका योजनेच्या ऑफिसात गेलो तर कळलं, चूक नाही, कपात. काम लांबलं, निधी पुरत नाही, म्हणून भाडं अर्धं. म्हणजे इमारत त्यांनी रखडवायची आणि पोट आम्ही आवळायचं! मी विचारलं, "साहेब, घरमालकाला पण अर्धं सांगू का?" त्यावर साहेब म्हणाले, "बाई, तुम्हाला गाव असेलच ना? थोडे दिवस गावाकडं जाऊन राहा की."

त्या शब्दांनी माझा जीव जळला. इतकी वर्षं आम्ही या शहराची भांडी घासली, भिंती रंगवल्या, पोळ्या लाटल्या, तेव्हा कुणी गाव विचारलं नाही. भाडं द्यायची वेळ आली आणि यांना आमचं गाव आठवलं. आणि भाडं म्हणजे काही भीक नव्हती. आमचं राहतं घर यांनी घेतलं होतं, त्याच्या बदल्यात कबूल केलेली गोष्ट होती ती.

खरी मेख वेगळीच होती, ती रुखसानाभाभीच्या लक्षात आली. नव्या इमारतीतली खोली ज्याला पाहिजे त्यानं तपासणीला हजर राहायचं आणि नाशिकमध्ये राहतो हे दाखवायचं, असा त्यांचाच नियम. गावी गेला त्याचा हक्क गेला. म्हणजे इथं राहायला पैसे देणार नाहीत आणि इथनं गेलात तर घर देणार नाहीत. एका हातानं ढकलायचं आणि दुसऱ्या हातानं दार लावायचं.

तोवर शकूमावशी निघून गेली होती. अर्धं भाडं चालेना म्हणून दुकानदारानं तिचं बोचकं बाहेर ठेवलं, हरसूलहून पुतण्या आला आणि एसटीत बसवून घेऊन गेला. मला खानावळीतनं यायला उशीर झाला, भेट पण झाली नाही. त्या दिवशी मी खूप रडले. आमच्या घरातही तेच चाललेलं. मिस्टर पेंटिंगची कामं करतात, सीझन संपला की हात रिकामे. ते म्हणाले, "रंजना, मनमाडला दादाकडं जाऊ या. पोरांना तिथल्या शाळेत टाकू. किती दिवस ओढायचं?" त्यांचं चुकत नव्हतं. पण मी म्हटलं, "आज गेलो तर कायमचे गेलो. मी नाही हलणार."  दोन दिवस आमच्यात पोरंच निरोप्याचं काम करत होती.

पूर्ण भाड्यासाठी अर्ज लिहून लिहून हात दुखले तेव्हा साहेबांनी सांगितलं, सोमवारी सकाळी साइटच्या गेटवर या, तिथंच तुमचं ऐकतो. आम्ही गेलो. जिथं आपलं नाक्यावरचं वळण होतं तिथं आता पत्र्याचं मोठं गेट आहे. बायका जमल्या, ऊन चढलं, साहेब काही आले नाहीत. सगळ्यांना कामाची घरं गाठायची होती. खाडा झाला तर मालकीण दुसरी बाई बघते. आता थांबावं की जावं? कुणी ठरवलं नाही, कुणी सांगितलं नाही. एकीनं डबा ठेवला, एकीनं पिशवी, एकीनं वीट, आणि निघाल्या. जशा नळावरनं निघायच्या तशाच. गेटसमोर आपोआप रांग लागली.

वळून बघितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. म्हटलं, "उद्या हंडे आणायचे."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हंडे लागले. नळावर जो नंबर असायचा त्याच नंबरानं. मधे ज्या गावी गेल्या त्यांच्या जागा मोकळ्या सोडल्या, कुणी पुढं सरकलं नाही. मग बायका आपापल्या कामाला गेल्या. मी खानावळीत निरोप धाडला आणि राखणीला बसले. थोड्या वेळानं काँक्रीटचा मोठा मिक्सर आला, गोल गोल फिरणारा. ड्रायव्हर खाली उतरला, रांग बघितली, डोकं खाजवलं. आत वॉचमन होता, मालेगावकडचा म्हातारा. त्याला म्हणाला, "काका, बाजूला करा ना हे." वॉचमन जागचा हलला नाही. "बाईसना हंडा शेतस ह्या. मी हात नई लावस." बायकांचे हंडे आहेत, मी हात लावणार नाही. ड्रायव्हरला म्हटलं, "भाऊ, तुमच्याकडं नळावर रांग असते का?" तो म्हणाला, "असते की." म्हटलं, "मग?" तो गुपचूप जाऊन केबिनमध्ये बसला आणि त्यानं मोबाइल काढला.

मुकादमाला मात्र असलं काही माहीत नसावं. तो तावातावानं आला आणि पहिल्याच हंड्याला लाथ घातली. हंडा घरंगळत गटारापर्यंत गेला. रुखसानाभाभीचा होता. ती तेवढ्यात कामावरनं परत येत होती. या बाईचा आवाज वस्तीत कुणी कधी वर चढलेला ऐकला नव्हता. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "जिसने गिराया, वही उठाएगा." एवढंच. पुन्हा पुन्हा एवढंच. वॉचमन बघतोय, ड्रायव्हर बघतोय, रस्त्यानं जाणारे थांबलेत. शेवटी मुकादमानं हंडा उचलून आणला. ठेवताना चुकीच्या जागी ठेवला, तर भाभीनं बोटानं जागा दाखवली. त्यानं सरकवला. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

इकडं मिक्सरमधला माल आवळायला लागला होता. ड्रायव्हर फोनवर ओरडत होता, आणखी वेळ गेला तर सगळं आत घट्ट होईल, पोटच कापावं लागेल गाडीचं. आमच्या अर्जांनी जे झालं नाही ते त्या काँक्रीटनं केलं. साहेब घामाघूम होत आले. म्हणाले, "रस्ता मोकळा करा, मग बोलू." आम्ही म्हटलं, "बोला, मग रस्ता मोकळा होईल." आता बायका पण परतल्या होत्या. जी ती आपापल्या हंड्यामागं उभी. तिथंच, सगळ्यांसमोर, मोबाइलवर रेकॉर्ड होत असताना साहेबांनी सांगितलं, पुढच्या महिन्यापासनं भाडं पूर्ण. मग हंडे उचलले. रांगेनंच उचलले, घाई केली नाही.

पूर्ण भाडं आलं. मधल्या महिन्यांचं अर्धं अजून अडकलंय. तेही काढणार, त्यांनी निश्चिंत राहू नये. मिस्टरांनी त्या संध्याकाळी मनमाडचं नाव काढलं नाही. चहा करून दिला आणि म्हणाले, "मला पण बोलवायचं होतंस."

राहिली शकूमावशी. तपासणीचा निरोप तिला पोचवला, तशी ती हरसूलहून पहिल्या गाडीनं आली. तपासणीवाल्या बाईंनी तिच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "आजी, तुम्ही गावी राहता असं कळलंय." मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, "माझ्याकडं राहते." बाईंनी विचारलं, "तुम्ही यांच्या कोण?"  ती हरसूलच्या डोंगरातली, मी मनमाडची, नातं काय सांगू? म्हटलं, "ती माझ्या पुढच्या नंबरची." बाईंना काय कळलं कुणास ठाऊक, पण मावशीला हजर धरलं.

मावशी परत गेली नाही. खोटं बोलले होते ते खरं करून टाकलं, अंथरूण सरकवलं आणि जागा केली. घरमालक जिन्यात आले, "एक माणूस वाढलं का तुमच्यात?" मी म्हटलं, "वाढलं नाही काका, यायला उशीर झाला." ते पुटपुटत खाली गेले. पुटपुटू देत.

पोरं विचारतात, आपलं घर कुठलं? वस्तीची जागा तर त्यांना आठवतही नाही नीट. मी पत्र्याची खोली दाखवत नाही आणि त्या खांबांकडंही बोट करत नाही. मी सांगते, ज्या शहरातनं आपल्याला जायला सांगितलं आणि आपण गेलो नाही, ते.

पण गेलेल्यांचंही हे शहर माझ्याइतकंच आहे, म्हणून लिहितेय. अजून एक तपासणी व्हायची आहे. तुमचे हक्क अजून गेलेले नाहीत, मी विचारून आलेय. कळवणहून या, जिथं कुठं असाल तिथून या. भाड्याला पैसे नाहीत म्हणून अडून राहू नका. राहता कुठं असं विचारलं तर रंजनाकडं म्हणून सांगा. एवढ्या एका खोलीत इतकी माणसं राहतात कशी, असं साहेबांनी विचारलं तर त्याचं उत्तर मी देईन. तुम्ही फक्त या.