बुधवारी उडी नाही

आमच्या वाडीची पूजा मे महिन्यात असते आणि पूजेच्या संध्याकाळी बायकांची व्हॉलीबॉलची मॅच. सुना विरुद्ध माहेरवाशिणी. हरणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या जेवणाचे बांगडे साफ करायचे आणि जिंकणाऱ्यांनी मागल्या पडवीत बसून, चहा पीत, सूचना द्यायच्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून बांगडे सुनाच साफ करत आल्या आहेत. सूचना द्यायला माझ्या मोठ्या नणंदबाई, म्हणजे वन्सं, डोंबिवलीहून येतात.

वन्सं उंच. मी जमिनीला धरून. त्या नेटवर उडाल्या की खालून मला त्यांची हनुवटी दिसते आणि नंतर काहीच दिसत नाही, कारण तोवर बॉल माझ्या मागे जाऊन पडलेला असतो. गेल्या वर्षी मी मागल्या दारी विळीवर बसले होते, तर पडवीतून आवाज आला, "वहिनी, त्या बांगड्याचं पोट नीट निघालं नाही हो गो." वन्संना तिथून माझी पाठ दिसत होती फक्त. त्याच क्षणी मी शपथ घेतली, की पुढच्या पूजेला या बाईचा स्मॅश नेटवरच अडवायचा आणि एक सकाळ, एकच, त्या पडवीत बसून चहा प्यायचा. वय अठ्ठेचाळीस, गुडघे बरे, इच्छा भयंकर.

थंडीत मोबाईल उघडला तर अख्खं जग उड्या मारत होतं. उडी वाढवायला यातला कुठला कार्यक्रम घ्यावा? पहिल्यात एक बलदंड माणूस रोज सकाळी खोक्यावर उड्या मारायला सांगत होता. रोज, न चुकता. खोकं कुठून आणू? परसात कुंपणाच्या गडग्यासाठी आणलेले जांभ्या दगडाचे चिरे होते. एकावर एक रचले, पदर खोचला, देवाचं नाव घेतलं आणि चढले. चढणं झकास झालं. उतरले तेव्हा घरातून ह्यांनी विचारलं, "फणस पडला काय गो?" दुसऱ्या दिवशी कामावर शाळेचा जिना मी खेकड्यासारखी आडवी चढले.

धाकट्या जाऊबाईंनी दुसरा कार्यक्रम शोधला. त्यात रोज फांदीला लोंबकळायचं. आम्ही दोघी पेरूला लोंबकळलो. पेरू आमच्यासकट खाली आला, म्हणजे निदान फांदी तरी. मग व्हिडिओ पुन्हा नीट पाहिला, तर तो लहान मुलांची उंची वाढवण्याचा निघाला.

शेवटी मी आमच्या शाळेतल्या खेळाच्या सरांना गाठलं. मी तिथे ऑफिसात क्लार्क. पंचिंग मशीनला नेट आणि डस्टरला वन्सं करून मी त्यांना सगळी मॅच टेबलावर दाखवली. सर हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. त्यांनी मला तिथेच एक उडी मारायला लावली आणि म्हणाले, उडीचं राहू द्या, आधी उतरायला शिका. मांजर ओट्यावरून उतरते तसं, आवाज न करता. मग त्यांनी कागदावर आठवडा आखून दिला. मोजक्याच उड्या, पण जीव खाऊन. दोन दिवस वजन छातीशी धरून उठाबशा. आणि बुधवार, रविवार: पूर्ण विश्रांती.

मला वाटलं, सरांना पुढचं सुचलं नाही. "मॅडम, पाय तयार होतात ते बसल्यावर," सर म्हणाले. "विश्रांती चुकवलीत तर उडी वाढणार नाही."

विश्रांती हाही व्यायाम असतो, हे कोकणातल्या सुनेला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. माझा कार्यक्रम ठरला. रात्री जेवताना मी तो कागद आरतीसारखा वाचून दाखवला. ह्यांनी कौतुकाने मोबाईलवर त्याचा फोटो काढून घेतला. बुधवारी मी खुर्चीत बसले आणि चहा ह्यांनी केला. थोडा पाणचट होता, पण शास्त्राला धरून होता.

बाकीचे दिवस मात्र मी घाम गाळला. तांदळाची पिशवी उराशी धरून उठाबशा काढल्या. लाल मातीत बोट बुडवून उडी मारायची आणि भिंतीवर ठिपका उठवायचा. ठिपके हळूहळू वर सरकत खिडकीच्या चौकटीपर्यंत गेले, तेव्हा मी ओरडून जाऊबाईंना बोलावलं. वन्संचे फोन यायचे. धापा कसल्या टाकतेस, असं त्यांनी विचारलं की मी पाणी भरत होते म्हणायची. धापा त्याही टाकायच्या. म्हणायच्या, आमची लिफ्ट बंद आहे. ती लिफ्ट शिमग्यापासून बंदच होती.

पूजेची संध्याकाळ आली. शेवटचा पॉइंट. वन्संसाठी बॉल वर चढला आणि त्या उडाल्या, गेल्या वर्षीपेक्षा वर! मीही उडाले. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा नेटच्या पट्टीवरून मला वन्संचे डोळे दिसले. चांगले मोठे झाले होते. बॉल माझ्या तळव्यांवर आपटला आणि त्यांच्याच पायाशी पडला. मी मांजरासारखी उतरले, पण कुणी पाहिलं नाही, कारण सुना माझ्या अंगावर पडल्या होत्या.

सकाळी मी पडवीत बसले. चहा आला. बांगड्यांची टोपली आली. वन्सं विळीकडे निघाल्या, मध्येच थांबल्या आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या.

"मला नाही जमायचं. आज बुधवार," त्या म्हणाल्या. "बुधवारी पूर्ण विश्रांती असते माझी."

मी कप खाली ठेवला. "वन्सं, तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्यांनी मोबाईल पुढे केला. सरांचं अक्षर, आमच्या ताटाची कड आणि कोपऱ्यात माझा अंगठा.

आम्ही दोघींनी एकदमच ह्यांच्याकडे पाहिलं. हे पायरीवर पेपर वाचत होते, म्हणजे पेपरामागे होते. "अगो, बहीण आहे माझी," पेपर म्हणाला. "एकीला द्यायचं आणि एकीला नाही, बरं दिसतं काय?"

बाकीच्या माहेरवाशिणी विळीकडे फिरकल्याच नाहीत, गंमत बघायला उभ्या राहिल्या. बांगडे ह्यांनी साफ केले. वन्सं माझ्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून घेऊन प्यायल्या आणि मी पडवीतून आवाज दिला, "अहो, त्याचं पोट नीट निघालं नाही हो."