खांबकाकांची खुर्ची

गल्लीतल्या सलूनवाल्याला सगळे खांबकाका म्हणत, कारण दुकानात त्यांना बसलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. खुर्ची एकच, आणि ती गिऱ्हाइकाची. "दुकानात आपण टेकलो की हात आळशी होतो," असं त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं. वडील गेले, पण ते वाक्य काही जाईना. काकांच्या बायकोला आता त्याचा वीट आला होता.

छातीत कळ येऊ लागली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी जिभेखाली ठेवायची गोळी दिली. दोघांना समोर बसवून सांगितलं, "हिच्यानं रक्तवाहिन्या रुंदावतात, हृदयावरचा भार कमी होतो. पण रक्तदाबही उतरतो, चक्कर येते. म्हणून बसूनच घ्यायची. डोकं ठणकेल, घाबरू नका. पाच मिनिटांत कळ थांबली नाही तर वाट बघू नका, गाडी बोलवा."

काकांनी मान डोलावली. पालथ्या घड्यावर पाणी! पहिलीच गोळी उभ्याने घेतली, चक्कर येऊन बेसिनवर आदळले, कपाळाला खोक पडली. आणि खापर कुणावर फोडलं? गोळीवर! बाटली आरशामागे ढकलून दिली. तेव्हापासून कळ आली की नुसती छाती चोळत उभे राहायचे.

बायकोने एक स्टूल आणून ठेवलं. त्यावर टॉवेल बसले, काका नाही. ती समजावून थकली, भांडून थकली. शेवटी अबोला धरला, तर काकांना तो उलट मानवला. माणूस मरणाला भीत नाही, हे एक वेळ समजू शकतं; पण खुर्चीला भितो? ती अगदी रडकुंडीला आली होती.

त्या दिवशी ती धुतलेले टॉवेल घेऊन दुकानात शिरली. खुर्चीत गालभर फेस लावलेला पोस्टमन होता. काका एका हातात वस्तरा घेऊन, दुसऱ्याने आरशाची फळी घट्ट धरून उभे होते. चेहरा पांढराफटक, अंग घामाने निथळत होतं.

"अहो, बसा!"

"एवढा एक गाल होऊ दे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने वस्तरा काढून घेतला, पोस्टमनला उठवलं आणि त्याच्या गळ्यातलं कापड सोडून नवऱ्याच्या खांद्यांवर टाकलं.

"आता तुम्ही गिऱ्हाईक. गिऱ्हाइकानं बसायचं असतं ना? मग बसा!"

ते बसले. तिने आरशामागची बाटली शोधून गोळी जिभेखाली दिली आणि घड्याळावर डोळे लावून उभी राहिली. पोस्टमन टॉवेल बाजूला सारून गुपचूप स्टुलावर टेकला. त्याच्या गालावरचा फेस वाळायला लागला.

"डोकं ठणकतंय," काका पुटपुटले.

"आणि छाती?"

"हलकी झाली."

टॉवेलात तोंड खुपसून ती रडली. त्या रडण्यात रागच जास्त होता.

काका जरा मागे रेलले आणि दचकले. "अगं, ह्या खुर्चीची पाठ केवढी टोचते! इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं सांगितलं नाही."

"सांगितलं होतं की, काका," पोस्टमन स्टुलावरून म्हणाला. "तुम्ही ऐकता का कुणाचं?"